काळा घोड्याचं वस्तुसंग्रहालय: खाडीपलीकडून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल इथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघायला जाणाऱ्या मंडळींचा साधारण एकच घोळ होतो. तिकीट काढलं, घुमटाखाली उभं राहून वर बघितलं, जिना चढला, तीन मजले दीड तासात पायाखाली घातले. परतीच्या गाडीत आठवतो तो काचेमागचा वाघ आणि एखादी तलवार. सुमारे ७० हजार वस्तूंच्या या साठ्यात आपल्या खाडीच्या दोन्ही काठांचा दोन हजार वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा तळमजल्यावर, पहिल्या तासात बघून होण्यासारखा आहे. तोच नेमका राहून जातो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पश्चिम भारताचा इतिहास एका इमारतीत बघायचा असेल तर याच्या तोडीची दुसरी जागा नाही. मात्र इथली मांडणी माध्यमानुसार आहे: शिल्पं एकीकडे, चित्रं दुसरीकडे, शस्त्रं तिसरीकडे. ‘आमच्या भागातलं काय आहे’ आणि ‘हे इथे आलं कसं’ या दोन प्रश्नांचा धागा ज्याचा त्याने ओवायचा असतो. हे परीक्षण त्या धाग्यासाठी आहे.

आधी स्थापनेबद्दल, कारण ती कळल्याशिवाय संग्रहाचा आकार कळत नाही. मुंबईतल्या काही प्रतिष्ठित नागरिकांनी १९०४ मध्ये ठरवलं की प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जच्या, भेटीची आठवण म्हणून शहराला एक संग्रहालय द्यायचं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याच राजपुत्राच्या हस्ते पायाभरणी झाली. ‘क्रेसेंट साइट’ म्हणून ओळखली जाणारी ही जागा मुंबई सरकारने समितीला १९०७ मध्ये दिली. म्हणजे दगड आधी बसला आणि जमीन रीतसर नंतर मिळाली. मग आराखड्यांची खुली स्पर्धा होऊन १९०९ मध्ये जॉर्ज विटेटची निवड झाली. गेटवे ऑफ इंडिया हे त्याचंच काम, आणि जनरल पोस्ट ऑफिसच्या आराखड्यातही त्याचा हात होता. त्याच वर्षी संग्रहालयासाठी स्वतंत्र कायदा झाला. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, तोवर महायुद्ध पेटलं होतं. काही वर्षं तिथे लष्करी रुग्णालय आणि बालकल्याण केंद्र चाललं. अखेर १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पत्नी लेडी लॉइड यांनी संग्रहालय लोकांसाठी खुलं केलं. तेव्हाचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया. आजचं नाव १९९८ मध्ये मिळालं. जुनी मंडळी अजूनही ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात आणि टॅक्सीवाल्यांना दोन्ही नावं कळतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी तुलना करून पाहा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी देशभरातून गोळा केलेल्या वस्तू परत आल्यावर राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी त्यातूनच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. जनपथावरची आजची इमारत १९६० ची. तिथे सरकारने देशभरातून वेचून आणलं. मुंबईत आधी नागरिकांनी घर बांधलं, आणि मग ज्याच्याजवळ जे होतं ते त्याने दिलं किंवा विकलं. त्यामुळे इथला संग्रह कुठे अफाट श्रीमंत आहे, तर कुठे मधला दुवा दिसत नाही. तो दिसला नाही की लोक म्हणतात, ‘यांनी नीट लावलं नाही.’ खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की ती वस्तू कोणी दिलीच नव्हती.

इमारतीला पंधरा मिनिटं द्या, आणि ती बाहेरूनच द्या. काळसर दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट, पिवळसर दगड मालाडचा. दोन्ही आपल्याच बेटांतल्या खाणींचे. मालाडच्या खाणी तर केव्हाच इमारतींखाली गेल्या. घुमटाची ठेवण विजापूरच्या गोलघुमटावरून घेतली आहे. आत आल्यावर मधल्या दालनात वरच्या सज्ज्याकडे बघा: तिथले लाकडी खांब आणि कमानी नाशिकच्या एका वाड्यातल्या. तो वाडा उतरवला जात असताना विटेटने ते विकत घेतले आणि आपल्या आराखड्यात बसवले. मराठी वाड्याचं कोरीव लाकूडकाम, वर विजापुरी घुमट, खाली मुंबईचा दगड. विटेटने मुंबईत जे जे बांधलं त्यात आम्हाला हे दालन सर्वांत जास्त आवडतं, गेटवेहूनही. इमारतीच्या जतनाच्या कामाला युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत २०२२ मध्ये सर्वोच्च ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’ मिळाला. दगडाचे सांधे आणि घुमट जवळून पाहिले की तो का मिळाला ते कळतं.

आता तळमजला. इथे जिना विसरून शिल्पदालनात शिरा.

ठाणेकराने पहिल्यांदा शोधावेत ते अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी दोन लेखांचे सोपाऱ्याचे तुकडे. नालासोपारा आज पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्हाच होता. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एखाद्या गावात सम्राटाचे चौदा लेख खोदवले जातात, तेव्हा ते गाव मोठं बंदर आणि कारभाराचं ठाणं असल्याशिवाय ते होत नाही. कोकणच्या इतिहासाचा पहिला लेखी पुरावा म्हणून बोट ठेवावं असा हा दगड आहे, आणि लोक त्याच्यासमोरून न थांबता जातात. कारण दगड दिसायला साधा, फुटका, आणि अक्षरं उथळ.

म्हणून तो वाचायचा कसा ते सांगतो. समोरून बघू नका. एका बाजूला सरकून तिरक्या नजरेने बघा, म्हणजे खाचांत सावली पडते. लेखाची लिपी ब्राह्मी. तिच्यातलं ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह. ‘ग’ म्हणजे उलटा व्ही. ‘ठ’ म्हणजे नुसतं वर्तुळ, आणि त्यात टिंब आलं की ‘थ’. ‘ध’ इंग्रजी डी सारखा, ‘म’ म्हणजे वर्तुळावर उघडी वाटी. एवढी सहा अक्षरं घरून कागदावर काढून नेली तरी मुलं दहा मिनिटं तिथून हलत नाहीत. आठव्या लेखाचा विषयही सांगण्यासारखा आहे: पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, या राजाने राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीची, म्हणजे बोधगयेची, यात्रा केली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. नववा लेख लग्न, आजारपण, प्रवास अशा निमित्ताने लोक करतात त्या मंगलकार्यांबद्दल आहे. त्यांचं फळ थोडं, धम्माच्या आचरणाचं फळ मोठं, असं त्यात म्हटलं आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ मध्येच दगडी पेटी निघाली होती. तिच्यात एकात एक बसवलेले करंडक आणि बुद्धांच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या. तो ठेवा या संग्रहालयात शोधू नका; तो एशियाटिक सोसायटीचा आहे. स्तूपाचा ढिगारा अजून नालासोपाऱ्यात जागेवर आहे.

नवी मुंबईकरांसाठी पुढचा थांबा घारापुरी. उरण-न्हावा शेवाच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारं हे बेट उरण तालुक्यातलं. मोठ्या लेण्यातला त्रिमुखी सदाशिव जागेवरच आहे, पण बेटावरची काही भंगलेली शिल्पं इथे आहेत. त्यांत ब्रह्मदेव आणि महिषासुरमर्दिनी चुकवू नका. सहाव्या शतकातल्या या शिल्पकारांची एक खूण आहे: शरीर भरदार, पण दागिने मोजके आणि चेहरा निवांत. महिषासुरमर्दिनीचा बराच भाग गेलेला आहे, तरी धडाच्या वळणावरून झटापटीचा जोर कळतो. आमच्या मते लेण्यांपेक्षा इथे ही शैली जास्त नीट समजते, कारण लेण्यात शिल्प अंधारात आणि उंचावर असतं. इथे ते डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर येतं. घारापुरी बघून झाली असेल तर ही शिल्पं बघाच, आणि झाली नसेल तर आधी ही बघून मग बोट पकडा. लेणी सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवा.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती मात्र इथे नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारीच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. ठाण्याच्या बहुतेक फास्ट गाड्या भायखळ्याला थांबतात, तेव्हा परतीच्या वाटेवर अर्ध्या तासात तो बघून होतो. फक्त बुधवार टाळा.

परळच्या सात आकृत्यांच्या भव्य शिवमूर्तीची इथे आहे ती प्लास्टरची प्रतिकृती. मूळ साडेतीन मीटर उंचीची अखंड शिळा १९३१ मध्ये परळला रस्त्याच्या कामात निघाली आणि बारादेवीच्या देवळात आजही पुजली जाते. प्रतिकृती म्हणून कमी लेखू नका. पूजेतल्या मूर्तीसमोर इतका वेळ उभं राहून एकेक आकृती कशी दुसरीतून उगवते ते बघता येत नाही.

शिलाहार राजघराण्याबद्दल ठाणेकरांची अपेक्षा मोठी असते, आणि ती रास्तच आहे. श्रीस्थानक, म्हणजे ठाणं, ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा, ताम्रपट निघाला. भारतातल्या ज्या ताम्रपटांचं वाचन सर्वांत आधी छापून आलं त्यांत तो मोडतो. अभ्यासकांच्या यादीत छद्वैदेव या शिलाहार राजाचा ताम्रपट तर याच संग्रहालयाच्या जुन्या नावाने ओळखला जातो. पण ताम्रपट, नाणी, हस्तलिखितं यांपैकी एका वेळी मांडलेला भाग नेहमीच थोडा असतो. मनात एक विशिष्ट वस्तू धरून गेलात तर निराशेची शक्यता आहे. अभ्यासासाठी बघायची असेल तर संग्रहालयाला आधी लेखी विनंती करणं हाच मार्ग. ताम्रपट दिसलाच तर नुसता मजकूर बघू नका. पत्रे एका कडीत ओवलेले असतात आणि कडीवर मुद्रा असते. शिलाहारांची मुद्रा गरुडाची. कडी कापलेली आहे की शाबूत, हेही बघा. शाबूत कडी म्हणजे पत्रे त्याच दानपत्राचे असल्याची खात्री.

शिल्पदालनात पुढे गेलं की अनेकांना कोडं पडतं: मुंबईच्या संग्रहालयात सिंधमधल्या मिरपूर खासचे बुद्ध आणि कर्नाटकातल्या ऐहोळेचे छतपट कसे? उत्तर नकाशात आहे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, आणि विजापूर जिल्हाही इलाख्याचाच. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचं ठाणं पुण्याला होतं आणि त्याचे अधिकारी हेन्री कझिन्स सिंधपासून विजापूरपर्यंत फिरत. मिरपूर खासचा स्तूप त्यांनी १९०९-१० मध्ये उकरला. मोहेंजोदडोच्या वस्तूही त्याच इलाख्यातल्या जागेच्या. थोडक्यात, तळमजला म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याचा नकाशा. मिरपूर खासच्या मूर्ती भाजलेल्या मातीच्या आहेत. दगड दुर्मीळ असलेल्या प्रदेशात विटांचा स्तूप बांधून त्याच्या कोनाड्यांत या बसवल्या होत्या. कमळ धरलेल्या दात्याच्या मूर्तीवर रंगाच्या खुणा अजून आहेत. त्या बघितल्यावर बाकीच्या मूर्ती मूळ रंगीत कशा दिसत असतील याचा अंदाज बांधता येतो. ऐहोळेचे पट बघताना मान वर करायची गरज नाही, ते भिंतीवर आणले आहेत. पण मूळ जागी ते डोक्यावर, छताला होते, हे मनात धरूनच उडणाऱ्या गंधर्वांच्या पायांची ठेवण समजते.

इथेच श्रवणबेळगोळची बाहुबलीची कांस्यमूर्ती आहे. तिथल्या गोमटेश्वराची, म्हणजे बाहुबलीचीच, सतरा मीटरची आकृती डोळ्यांसमोर असलेल्याला ही जेमतेम दीड-पावणेदोन फुटांची मूर्ती आधी लहान वाटते. पायांवर आणि दंडांवर चढलेली वेल मागून कशी गेली आहे ते फिरून बघा. संपूर्ण संग्रहातली एकच वस्तू निवडायची झाली तर आम्ही ही निवडू.

आश्शूरी, म्हणजे प्राचीन इराकमधल्या अ‍ॅसिरियन, राजवाड्यातले कोरीव फलकही आहेत. एकोणिसाव्या शतकात इराकमधून लंडनकडे निघालेला असा माल बसऱ्याहून मुंबई बंदरात उतरत असे, हा त्यांचा या शहराशी जुना संबंध.

इथे एक तास होतो. आता खाली बसा. सलग दोन तासांनंतर डोळे वस्तूवरून घसरायला लागतात, आणि वरच्या मजल्यांवरचं काम सगळं बारकाव्याचं आहे. चित्रं बघायला थकलेले डोळे चालत नाहीत.

वर गेल्यावर दात्यांची नावं वाचत चला. सर रतन टाटा यांनी लंडनजवळ ट्विकनहॅम इथे यॉर्क हाउस घेतलं होतं आणि तिथे जेड, चिनी-जपानी भांडी, युरोपीय चित्रं जमवली होती. १९१८ मध्ये ते गेले आणि संग्रहालय सुरू होण्याच्या सुमारास तो संग्रह इथे आला. थोरले बंधू सर दोराबजी यांचा संग्रह १९३३ मध्ये आला. ‘भारतीय इतिहासाच्या संग्रहालयात चिनी फुलदाण्या कशाला’ हा नेहमीचा प्रश्न. उत्तर हे की त्या काळच्या मुंबईकर उद्योगपतीची आवड कशी होती, तोही या शहराचा इतिहास आहे. याच रतन टाटांनी पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा पुरवला होता. पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह तर इमारत उघडण्याआधीच, १९१५ मध्ये, विकत घेतला गेला. कार्ल खंडालावाला, व्यवसायाने वकील आणि लघुचित्रांचे मोठे जाणकार, यांच्या संग्रहासाठी स्वतंत्र दालन आहे. हा माणूस चित्र कसं निवडायचा ते एका खोलीत कळतं.

लघुचित्रांच्या दालनात ‘इतका अंधार का’ ही तक्रार हमखास ऐकू येते. कारण पक्कं आहे. कागद, वनस्पतिज रंग आणि कापड यांचं प्रकाशाने झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवायचा हा जगभरचा दंडक. घरच्या दिवाणखान्यातही याहून जास्त उजेड असतो. बाहेरच्या उन्हातून आल्या आल्या काहीच दिसत नाही. दाराशी दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. मोबाइलची बॅटरी चित्रावर मारू नका. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब येत असेल तर एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका. वाचायचा चष्मा लागणाऱ्यांनी तो नक्की न्यावा. मोठं भिंग नेलं तर उत्तमच.

अन्वार-ए-सुहैली हे अकबरकालीन सचित्र हस्तलिखित शोधा. ही पंचतंत्राचीच फारसी आवृत्ती, त्यामुळे चित्रातली गोष्ट मराठी घरातल्या मुलाला ओळखता येते. मेवाडच्या राणा जगतसिंहाने करवून घेतलेल्या रामायणाचं १६४९ चं बालकांड इथलं. त्याच ग्रंथाची बरीच कांडं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. २०१४ मध्ये दोन्हीकडची पानं डिजिटल रूपात एकत्र आणली गेली, तेव्हा घरी संगणकावर आधी चाळून जाता येतं. तसं केल्यास प्रत्यक्ष पानासमोर तुम्ही रंगांचा थर, सोन्याची झाक, कागदाची घडी याच गोष्टी बघाल, आणि त्या पडद्यावर दिसत नाहीत.

शस्त्रदालन लहान मुलांना आवडतं. तिथे अकबराचं १५८१ चं छातीकवच आणि १५९३ ची ढाल आहे, बाकीचं चालता चालता बघितलं तरी चालेल.

निसर्ग-इतिहासाचा विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने उभा राहिला, आणि १९२६ मध्ये तिथे मार्गदर्शक व्याख्याता म्हणून एक तरुण नोकरीला लागला: सालिम अली. काचेमागे पार्श्वभूमी रंगवून, खरी माती-गवत-फांद्या लावून अधिवास उभे केले आहेत. पेंढा भरलेले प्राणी म्हणून हसून पुढे जाऊ नका. प्राणी एकटा न ठेवता त्याच्या वस्तीसकट दाखवायचा, ही पद्धत त्या काळी भारतात नवी होती. आपल्या लोकांसाठी खास पेटी फ्लेमिंगोंची. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ पासून खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. खाडीवर पक्षी लांब, चिखलापलीकडे असतात. चोचीचा मधला बाक आणि ती उलटी धरून पाणी गाळण्याची तऱ्हा इथे जवळून समजते. हिवाळ्यात ऐरोलीला बोट घ्यायच्या आधी ही पेटी बघून ठेवावी.

जाण्याबद्दल. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटीला तासाभरात, वाशीहून हार्बरने पन्नासेक मिनिटांत. स्टेशनातून दादाभाई नौरोजी रोडने सरळ हुतात्मा चौक, तिथून काळा घोडा: वीस-पंचवीस मिनिटांची चाल, बरीचशी कमानींच्या सावलीतून. चालायचं नसेल तर सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. रविवारी मेगाब्लॉक बघितल्याशिवाय घरातून निघू नका. हार्बरवर ब्लॉक असेल तर नवी मुंबईकरांना ट्रान्सहार्बरने ठाणे गाठून मध्य रेल्वे पकडावी लागते, आणि दोन्हीकडे ब्लॉक असला तर बेत शनिवारवर ढकललेला बरा. गाडीने अटल सेतूवरून पोहोचायला सोपं, पण काळा घोडा परिसरात सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणं कठीण. काळा घोडा महोत्सवाच्या आठवड्यात तर गाडी काढूच नये.

संग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं, सहाला बंद होतं. सव्वादहालाच दारात असावं; अकरानंतर शाळांच्या सहली येतात आणि मधल्या दालनाचा आवाज घुमटात घुमतो. मराठीतही ध्वनिमार्गदर्शिका मिळते, ती घ्या. स्वतःचे इअरफोन जवळ ठेवा. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, तेव्हा सामान कमी असावं. पाण्याची बाटली आणि डबा दालनांबाहेर. आत साडेतीन तास धरा, त्यात अर्धा तास बसण्याचा. याहून जास्त हवं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

दहा वर्षांखालची मुलं असतील तर उलटा क्रम लावा: आधी आवारातलं २०१९ साली सुरू झालेलं मुलांचं संग्रहालय आणि तिथला गोरखचिंचेचा जुना वृक्ष, मग निसर्ग-इतिहास, आणि शेवटी सोपाऱ्याचा एकच दगड, सहा अक्षरांच्या कागदासह. बाकी सगळं सोडून द्या. ज्येष्ठांबरोबर असाल तर उलट तळमजल्यावरच दोन तास रमा. बाहुबली, घारापुरी, मिरपूर खास एवढंच नीट बघून झालं तरी पैसे वसूल.

शाळांसाठी एक सूचना. पन्नास-साठ मुलांची बस आणून सगळी दालनं दाखवू नका. वीस-वीसचे गट करा, प्रत्येक गटाला एकच दालन आणि पाच वस्तूंचे कागद द्या. चाळीस मिनिटांनी गट बदला. प्रत्येक वस्तूखाली तीनच प्रश्न: कशाची आहे, कुठून आली, कोणी दिली. ज्या शाळेला मुंबईपर्यंत येणं जमत नाही तिने संग्रहालयाच्या २०१५ पासून फिरणाऱ्या ‘म्युझियम ऑन व्हील्स’ बससाठी विचारणा करावी. बस शाळेच्या आवारात उभी राहते, तेव्हा फाटकाची रुंदी, वळायला जागा आणि वरून गेलेल्या वायरींची उंची आधी मोजून ठेवा.